घर, अंगण आणि चार गुंठे

(एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने घर बांधण्यावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. वाचनालयाच्या चिटणिसांना मी 'साधे घर आणि त्याची बाग' असा विषय कळवला, तेव्हा त्यांनी क्षणभर थांबून 'या वेळी अर्थसंकल्पावर काही नाही का?' असे विचारले. माझे म्हणणे असे की, आपल्यासारख्या पगारदार माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा अर्थसंकल्प घराचाच असतो. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बायकोचे दागिने, मुलांकडून उसने घेतलेले पैसे, हे सारे एका वस्तूत ओतले जाते. आणि ती वस्तू नेमकी कशासाठी हवी, याचा विचार मात्र आपण सायकल घेताना करतो तेवढाही करीत नाही. शेजाऱ्याने जसे बांधले तसे, पण एक खोली जास्त, हा आपला ठरलेला नकाशा.

मीही याला अपवाद नव्हतो. मला विचार करायला लावले ते माझ्या आईने, आणि तेही एक शब्द न बोलता.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आम्ही शहरात तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. वडील वारल्यावर आई गावाहून आमच्याकडे आली. तिचे सारे आयुष्य अंगण आणि परसू यांच्यामध्ये गेलेले. पहिल्याच आठवड्यात मी पाहिले की, तांदूळ धुतल्यावर ते धुवण पातेल्यात घेऊन ती गॅलरीत जाऊन उभी राहते. मोरीत ओतायला तिचा हात होत नसे. ते पाणी अळूचे किंवा मिरचीच्या रोपाचे, हा तिचा साठ वर्षांचा हिशेब होता; आणि तिसऱ्या मजल्यावर त्या हिशेबाला जमेची बाजूच नव्हती. काही महिन्यांनी तिने गॅलरीत जाणे सोडले. नंतर नंतर बोलणेही कमी केले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, 'वयोमानाने असे होते.' मला मात्र वाटत राहिले की, या बाईचे काम आपण काढून घेतले आहे आणि बदल्यात तिला एक खुर्ची दिली आहे.

२०१८ साली मी निवृत्त झालो. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडे एका तालुक्याच्या गावाच्या कडेला आमची तीन गुंठे जागा होती. तीन गुंठे म्हणजे ३२६७ चौरस फूट. एका अभियंत्याने नकाशा काढून दिला: तळमजला १५०० फूट, वरचा मजला ९०० फूट, पुढे मोटारीची जागा, सभोवती पेव्हर ब्लॉक, आणि फाटकाशी दोन कुंड्या. जागेत एक जुना फणस होता, तो 'अडचणीत येतो' म्हणून नकाशात नव्हताच. आम्ही घरात तीन माणसे. मुलगा आणि सून परगावी, वर्षातून पंधरा दिवस येणारी. त्या पंधरा दिवसांसाठी दोन शयनगृहे तीनशे पन्नास दिवस झाडीत बसायची, आणि ती झाडणार कोण, हे नकाशात लिहिलेले नव्हते.

नकाशा समोर ठेवून बसलो असताना मला बत्तीस वर्षांपूर्वीची एक इमारत आठवली. १९८६ साली, तरुण अध्यापक असताना, एका चर्चासत्राच्या निमित्ताने मी तेव्हाच्या त्रिवेंद्रमला 'सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज' या संस्थेत आठवडाभर राहिलो होतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही संस्था तीर्थक्षेत्रासारखी. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यात ज्यांचा वाटा होता, त्या के. एन. राज यांनी ती १९७० च्या सुमारास उभी केली. मी गेलो होतो विकासाचे सिद्धांत ऐकायला, आणि लक्षात राहिल्या त्या भिंती. गिलावा नाही, रंग नाही, नुसती वीट. खिडकीच्या जागी विटांचीच जाळी, तिच्यातून वारा येई आणि उन्हाचे कवडसे जमिनीवर पडत. झाड आले की भिंत वळसा घेऊन जाई. नारळीच्या बागेत इमारत बांधली आहे की इमारतीभोवती बाग राखली आहे, हे सांगता येऊ नये असा सारा परिसर.

तो परिसर लॉरी बेकर यांचा. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेला हा वास्तुविशारद महायुद्धाच्या काळात चीनमध्ये शुश्रूषापथकात काम करून परतताना मुंबईत जहाजाची वाट पाहत थांबला आणि तेथे त्याची गांधीजींशी भेट झाली. पुढे तो भारतातच राहिला, हिमालयात पिथौरागढजवळ आणि नंतर केरळात, २००७ साली मृत्यू येईपर्यंत. आदर्श घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधलेले असावे, हे गांधीजींचे म्हणणे बेकर आयुष्यभर सांगत राहिले. सांगणारे पुष्कळ असतात. त्यांनी ते बांधून दाखवले.

त्यांच्या पद्धतीतील दोन युक्त्या सांगतो, कारण त्यांत अर्थशास्त्र आहे. नऊ इंची भिंतीत वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची आणि मधे पोकळी सोडायची. तिला 'रॅट ट्रॅप बॉन्ड' म्हणतात. भिंतीची जाडी तीच राहते, विटा सुमारे एक चतुर्थांश कमी लागतात, सिमेंटही वाचते, आणि पोकळीतील हवेमुळे उन्हाचा ताप आत कमी पोहोचतो. दुसरी युक्ती छताची. स्लॅबच्या खालच्या अंगाचे काँक्रीट ताण सोसत नाही; ते काम लोखंडी सळ्या करतात. मग तेथे केवळ वजन म्हणून काँक्रीट का ओतावे? सळ्यांच्या मधल्या चौकटींत जुनी मंगलोरी कौले बसवायची. काँक्रीट वाचते, वजन उतरते. जे काम करीत नाही ते काढून टाकायचे, एवढेच या साधेपणाचे तत्त्व आहे. गिलावा काढल्याने भिंत गरीब दिसते असे ज्याला वाटते, त्याने वीट भाजताना लागणारे सरपण आणि सिमेंटच्या भट्टीत जळणारा कोळसा एकदा डोळ्यांसमोर आणावा.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती कारखानदारांना फारशी आवडत नाही. अशा बांधकामात सामानाचा खर्च घटतो आणि हाताच्या कामाचा वाटा वाढतो. म्हणजे घरावर खर्च होणाऱ्या रुपयातील अधिक पैसे गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या घरी जातात, आणि ते त्याच गावाच्या बाजारात फिरतात. घराचा नकाशा हा उत्पन्नवाटपाचाही नकाशा असतो, हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले नाही, याची मला आज खंत वाटते.

तर आम्ही तो दुमजली नकाशा परत केला आणि ८६० चौरस फुटांचे घर बांधले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी आणि त्यांना जोडून एक लांब पडवी. उघडी जमीन उरली ती २४०० चौरस फूट. पहिल्या नकाशात नेमके तेवढे घर होते. फणस राहिला, घर त्याच्या मागे सरकले. जोते दीड फूट ठेवले, आणि पायऱ्यांबरोबर एक उतारही, म्हणजे आईला काठी टेकीत बागेत जाता यावे. तिच्या खोलीच्या खिडकीचा उंबरा जमिनीपासून दोनच फुटांवर घेतला. खाटेवर पडल्या पडल्या तिला वाफे दिसत. स्वयंपाकघराचे मागचे दार थेट परसात उघडते. चूल आणि कढीपत्ता यांच्यामध्ये आठ पावले. हे अंतर फार महत्त्वाचे आहे. बाग वीस पावलांवर गेली की ती पाहण्याची वस्तू होते. आठ पावलांवर असली की ती स्वयंपाकघराची खोली होते. न्हाणीचे पाणी केळी आणि अळूकडे, ताटे धुतलेले पाणी शेवग्याकडे, आणि तांदळाचे धुवण आईकडे.

बागेबद्दल एक शब्द. अलीकडे साध्या, मोकळ्या घरांची छायाचित्रे गुळगुळीत मासिकांतून येतात. पांढऱ्या भिंती, मोठी काच, आणि काचेबाहेर कापलेली हिरवळ. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' या ग्रंथात हिरवळीची चांगलीच खबर घेतली होती. त्याचे निरीक्षण असे की, हिरवळ म्हणजे मुळात गाईचे कुरणच. पण गाय काटकसरीची, उपयोगाची आठवण करून देते, म्हणून प्रतिष्ठित माणूस गाय हाकलून देतो आणि गवत कापायला माणूस ठेवतो. आपल्याकडे तर पावसाळ्यानंतर आठ महिने ती हिरवळ नळाच्या पाण्यावर जगवावी लागते. घर साधे आणि बाग निरुद्योगी, ही जोडी फसवी आहे. घरात जेवढे कमी, तेवढे बागेत जास्त काही उगवले पाहिजे. आमच्याकडे घेवड्याचा मांडव आहे, दोडका कुंपणावर चढतो, पपई आणि लिंबू आहे. आणि पारिजातक व सोनचाफाही आहे, कारण उपयोगाची व्याख्या फार कोती करण्याचे काही कारण नाही.

आता आमच्या चुका सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हे भाषण जाहिरात होईल. पडवी पश्चिमेला घेतली, कारण तिकडे उतार होता आणि दृश्य चांगले होते. २०१९ च्या पावसाळ्यात, ज्या वर्षी कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, त्या पावसाने आमची पडवी महिनाभर ओली ठेवली. वळचण दीड फूट ठेवली होती, ती हिवाळ्यात चार फुटांपर्यंत वाढवावी लागली. बेकर यांच्या घरांना रुंद वळचणी असतात. मी विटा पाहिल्या होत्या, वळचणी पाहिल्या नव्हत्या. झाडी वाढली तसे डास वाढले, जाळ्या बसवाव्या लागल्या. एकदा स्वयंपाकघरात धामण आली. पोकळ बांधणी आमच्या गवंड्यांनी पूर्वी केलेली नव्हती. पहिल्या चार दिवसांची भिंत उतरवून पुन्हा चढवली. आणि हिशेब खरा सांगायचा तर चौरस फुटाचा दर फारसा उतरला नाही. खर्च निम्म्याहून खाली आला तो मुख्यतः क्षेत्र कमी केल्यामुळे. स्वस्त घराची सर्वांत खात्रीची युक्ती म्हणजे लहान घर. तिला वास्तुविशारद लागत नाही, फक्त लोक काय म्हणतील याची पर्वा सोडावी लागते.

सर्वांत मोठी चूक मात्र बांधण्याआधीच दुरुस्त झाली, आणि ती माझ्या पत्नीने केली. उत्साहाच्या भरात मी जमीन मातीची करावी, शेणाने सारवावी, असे सुचवले होते. ती शांतपणे म्हणाली, "साधेपणा तुमचा आणि सारवण माझे, असे चालणार नाही." पुढे म्हणाली, "तुमच्या आईंना विचारा, त्यांचे गुडघे कशाने गेले."

मित्रहो, हे वाक्य आपल्या सर्व साधेपणावाद्यांनी भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. जुन्या घरांचे गोडवे गाताना आपण विसरतो की, त्या घरांत ओटी पुरुषांची होती, वारा आणि उजेड ओटीवर होता. बायकांच्या वाट्याला माजघराचा काळोख आणि चुलीचा धूर. बाळंतिणीची खोली तर घरातील सर्वांत अंधारी. अंगण सुंदर होते हे खरे, पण राबणारा दलित गडी त्या अंगणाच्या कडेलाच उभा राही. त्याला पाणी वरून ओतले जाई. त्या घराकडे परत जायचे नाही. त्याची वळचण घ्यावी, त्याचे परसू घ्यावे. त्याची उतरंड घेऊ नये. आमच्या घरात शहाबादी फरशी आहे, ओटा खिडकीसमोर आहे, आणि झाडलोटीचा वार वाटून घेतलेला आहे. माझ्या वाराला फरशी तितकीशी स्वच्छ नसते, अशी तक्रार आहे.

आई त्या घरात २०१९ च्या अक्षय तृतीयेला राहायला आली आणि २०२१ च्या जानेवारीत गेली. मधल्या काळात तिला नवे काही मिळाले असे नाही. तिचे काम तिला परत मिळाले. धुवण अळूला जाऊ लागले. ती पुन्हा बोलू लागली, बहुधा रोपांविषयी आणि बहुधा तक्रारीच्या सुरात. शेवटच्या आठवड्यात तिने एकदाच विचारले, "घेवड्याला काठी लावली का?" लावली नव्हती. त्या संध्याकाळी लावली.

येथे मी थांबलो असतो तर ही एका मध्यमवर्गीय कुटुंबाची सुखाची गोष्ट झाली असती. पण त्याच काळात आणखी एक प्रसंग घडला, आणि खरे सांगायचे तर मी आज बोलायला उभा आहे तो त्यासाठी.

२०२० साली टाळेबंदी आली. 'घरी राहा' असे सारा देश सांगत होता. आम्ही घरी राहिलो. बाग होती, पडवी होती, भाजी होती. जूनमध्ये आमचे घर बांधणारे गवंडी फाटकाशी आले, तोंडाला रुमाल बांधून, आत न येता. त्यांची मुलगी त्या वर्षी बारावीत गेली होती. म्हणाले, "सर, मुलीला दिवसा दोन-तीन तास तुमच्या पडवीत बसू द्याल का? घरात बसायला जागा नाही."

त्यांचे घर शेजारच्या खेड्यात. प्रधानमंत्री आवास योजनेतून २०१८ साली मिळालेले घरकुल. या योजनेत ग्रामीण भागासाठी घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे, आणि मैदानी प्रदेशात साहाय्य १ लाख २० हजार रुपये. इंदिरा आवास योजनेत ते क्षेत्र २० चौरस मीटर होते, त्या मानाने ही सुधारणाच. परंतु यांची जागा आजोबांच्या खळ्याचा तिसरा हिस्सा. एका भिंतीला एक भाऊ, दुसऱ्या भिंतीला दुसरा, पुढे रस्ता, मागे दुसऱ्याची विहीर. पाच माणसे. ज्याने माझ्यासाठी पोकळ भिंत, रुंद वळचण आणि दोन फुटांचा खिडकीचा उंबरा बांधला, त्याच्या स्वतःच्या घराला वळचण पडायलाही जागा नव्हती. पागोळ्या भावाच्या दारात पडतात म्हणून दोघांत बोलणे बंद झाले होते.

मुलगी येऊ लागली. आईच्या खिडकीबाहेर बसून अभ्यास करी. दोघींची चांगली गट्टी जमली. गावात लोक म्हणाले, सरांनी मोठे मन दाखवले. मला त्या कौतुकाची लाज वाटे. सात फूट रुंद पडवी ही काही उपकार म्हणून देण्याची वस्तू नव्हे. ती त्या मुलीच्या स्वतःच्या घराला असायला हवी होती, आणि ती बांधण्याचे कसब तिच्या बापाच्या हातात होते. नव्हती ती फक्त जमीन.

आणि तेव्हा केरळचा उरलेला अर्धा भाग माझ्या लक्षात आला, जो १९८६ साली मी पाहूनही पाहिला नव्हता. त्रिवेंद्रमभोवतीच्या खेड्यांतून हिंडताना एक गोष्ट डोळ्यांत भरली होती: घरे एकमेकांना चिकटलेली नाहीत. साध्यात साधे घरही आपल्या झाडांत उभे. वर नारळ, त्याखाली फणस, फणसावर मिऱ्याची वेल, खाली केळ, त्याखाली टॅपिओका आणि सुरण. मी ते निसर्गाचे औदार्य समजलो होतो. निसर्गाचा वाटा आहेच. पण त्यामागे कायदाही आहे.

केरळात दुसऱ्याच्या जमिनीवर, मालकाच्या मर्जीने झोपडी घालून राहणाऱ्या भूमिहीनांना 'कुडिकिडप्पुकार' म्हणत. मालकाची मर्जी फिरली की झोपडी उठे. १९५७ साली पहिल्या निर्वाचित मंत्रिमंडळाने सत्तेवर येताच बेदखलीला मनाई करणारा वटहुकूम काढला. नंतर बराच झगडा झाला, न्यायालये झाली, सरकारे पडली. अखेर १९६९ च्या दुरुस्तीने जमीनसुधारणा कायदा १ जानेवारी १९७० पासून अमलात आला, आणि या झोपडीवाल्यांना आपल्या झोपडीखालची व भोवतालची जमीन बाजारभावाच्या काही अंशाने विकत घेण्याचा हक्क मिळाला. पंचायतीच्या हद्दीत दहा सेंटपर्यंत, नगरपालिकेच्या हद्दीत पाच, मोठ्या शहरात तीन. शंभर सेंटचा एक एकर. म्हणजे दहा सेंट बरोबर आपले चार गुंठे, ४३५६ चौरस फूट.

चार गुंठे! माझ्यासारख्या प्राध्यापकाच्या जागेपेक्षा एक गुंठा जास्त, आणि तीही शेतमजुराला. सर्वांना पूर्ण दहा सेंट मिळाले असे नाही. अनेक दलित आणि आदिवासी कुटुंबांच्या वाट्याला पुढे दाट वस्त्याच आल्या आणि तो प्रश्न अजून शिल्लक आहे. तरीही एक तत्त्व कायद्याने मान्य झाले की, घर म्हणजे केवळ छप्पर नव्हे. छपराभोवती पाणी ओतायला माती हवी. हा कायदा अमलात आणणाऱ्या मंत्रिमंडळाचे मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन हेच पुढे राजकारणातून निवृत्त झाल्यावर, १९८५ साली, के. एन. राज आणि लॉरी बेकर यांच्यासह 'कॉस्टफोर्ड' ही कमी खर्चाच्या बांधकामाची संस्था काढतात, हा केवळ योगायोग मला वाटत नाही. आधी जमिनीचा हक्क, मग विटांची युक्ती, हा क्रम त्या माणसांना कळला होता. आपण बेकर यांच्या जाळीदार भिंती उचलतो आणि त्यांच्या खालची जमीन विसरतो.

आपल्याकडे काय आहे? कुळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन झाला; कसणाऱ्याला शेत मिळाले, निदान काही जणांना. पण जो कसतही नव्हता, जो नुसता राबत होता, त्याच्या घराभोवतीच्या जमिनीचा विचार त्यात जवळजवळ नव्हता. आज ज्या घरकुल-लाभार्थ्याला जागा नाही, त्याला जागा घेण्यासाठी महाराष्ट्र शासन अर्थसाहाय्य देते. ते ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी. अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. केरळने मान्य केलेल्या मर्यादेचा सुमारे नववा हिस्सा.

यावर नेहमीचे उत्तर येते: जमीन कुठे आहे? लोकसंख्या पाहा! या उत्तराला नव्या मुंबईतच एक प्रत्युत्तर उभे आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूर येथे सिडकोसाठी एक वसाहत रचली. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटरचे. एका छोट्या सामायिक अंगणाभोवती घरांचा पुंजका, अशा पुंजक्यांचे मोठे अंगण. प्रत्येक घराला स्वतःचा उघडा तुकडा, आणि शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, म्हणजे कुटुंब वाढेल तसे घर दुसऱ्याची परवानगी न घेता वाढवता यावे. आणि तरीही हेक्टरी सुमारे ५०० माणसांची वस्ती. मनोरे न बांधता! पुढे तेथील कित्येक मूळ घरे पाडून लोकांनी तीन-तीन मजले चढवले, जमिनीचे भाव भडकले, हेही खरे. पण त्याने रचना खोटी ठरत नाही. जमिनीचा बाजार मोकाट सोडला तर चांगली रचनाही तो गिळतो, एवढेच सिद्ध होते.

म्हणून माझे मागणे थोडके आहे, आणि ते मी येथे बसलेल्या पंचायत समितीच्या सभासदांपुढे ठेवतो. पहिले, घरकुलाचे मोजमाप केवळ छपराखालच्या चौरस फुटांत न करता, जेवढे छप्पर तेवढी निदान उघडी माती, हे किमान मानावे. दुसरे, गावठाणाचा विस्तार करताना रांगेत खोल्या आखण्याऐवजी सहा-सात घरांना एक सामायिक अंगण आणि प्रत्येकाला मागे छोटे परसू, अशी आखणी करावी. जातीप्रमाणे वेगळ्या वस्त्या आखण्याची चालही तेथेच मोडावी. तिसरे, सातबारा असो वा मालमत्तापत्रक, अंगणासह त्या जागेवर घरातील बाईचे नाव पुरुषाच्या बरोबरीने लागावे. परसू ती पिकवते. चौथे, पोकळ बांधणीसारख्या पद्धतींना शासकीय दरसूचीत रास्त स्थान द्यावे आणि आपल्याच तालुक्यातील गवंड्यांना त्याचे शिक्षण द्यावे. आमच्या गवंड्यांनी चार दिवसांत चूक केली आणि पाचव्या दिवशी ते शिकले. कौशल्याची वानवा हे निमित्त फार काळ टिकणारे नाही.

आणि आपण, ज्यांना तीन गुंठे लाभले आहेत, त्यांनी निदान ते फरशीखाली पुरू नयेत. पाऊस जिरायला जागा ठेवावी, एक झाड नकाशात घ्यावे, एक खोली कमी बांधावी. हे समाजपरिवर्तन नव्हे, याची मला जाणीव आहे. साधे घर बांधून मी कोणाचा प्रश्न सोडवलेला नाही. माझ्या आईचा थोडासा सुटला, तोही उशिरा.

गवंड्यांची ती मुलगी परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून आता जिल्ह्याच्या गावी नोकरी करते. सुटीत आली की आईने लावलेल्या अळूची पाने मागून नेते. मागच्या दिवाळीत तिने मला विचारले की, त्यांच्या घरावर मजला चढवला तर वर पडवी काढता येईल का. मी म्हणालो, काढता येईल. मात्र वळचण भावकीच्या हद्दीत जाईल. ती म्हणाली, "म्हणजे पुन्हा जमिनीवरच आलो, सर."

तेथेच आलो आहोत.